बरणीचा तळ : निवासी शाळांच्या आठवणी वाचताना

१

मराठी साहित्यात शाळा बहुधा दारासारखी येते. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. तेव्हापासून शाळेची पायरी चढणे म्हणजे जन्माने लादलेल्या जागेतून बाहेर पडणे, हा अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने आपण वाचतो. त्यांत शाळकरी वयातला अपमान आणि भूक दोन्ही आहेत, तरीही निवेदकाचे तोंड शाळेकडेच असते. शाळा आपल्याला आपले म्हणत नाही, हे त्याचे दुःख असते. आत येऊ न देणारी शाळा मराठी वाचकाला चांगली ठाऊक आहे. बाहेर जाऊ न देणारी शाळा मात्र त्याच्या वाचनात फारशी आलेली नाही.

उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या शालेय आठवणी वाचताना आपली ही सवय अडखळते, कारण तिथे मूल आत आहे आणि दार बाहेरून बंद आहे. अशा वेळी वाचक दोन सोप्या वाटा धरतो. एक वाट म्हणजे पुस्तकाला कोर्टातल्या जबानीसारखे वाचणे. अत्याचारांची नोंद करायची, हळहळायचे आणि पान मिटायचे. दुसरी वाट अधिक कावेबाज आहे. ‘झाले ते वाईटच, पण शाळा नसती तर हे पुस्तक तरी कुठून लिहिले गेले असते?’ असे ती विचारते. इंग्रजी राजवटीबद्दल हाच युक्तिवाद आपण आपल्याकडेही शेकडो वेळा ऐकला आहे. माझे म्हणणे असे, की या दोन्ही वाटांनी गेले तर ही पुस्तके हाती लागत नाहीत. ज्या भाषेने मुलांची तोंडे बंद केली, त्याच भाषेत ती मुले मोठेपणी लिहितात. तेव्हा ती त्या भाषेचे नेमके काय करतात, हे पाहिल्याशिवाय या लेखनाचे मोल कळत नाही.

२

आधी थोडी पार्श्वभूमी. कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट हा अमेरिकी लष्करातला अधिकारी. १८७५ ते १८७८ या काळात फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन किल्ल्यात ठेवलेले आदिवासी युद्धकैदी त्याच्या ताब्यात होते. त्याने त्यांचे केस कापले, अंगावर गणवेश चढवला, कवायत आणि इंग्रजी शिकवली. हा प्रयोग यशस्वी झाला असे त्याला वाटले आणि १८७९ साली पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे, वापरात नसलेल्या लष्करी बराकींत, त्याने आदिवासी मुलांची शाळा उघडली. म्हणजे या शाळेचा आराखडा आधी तुरुंगात तयार झाला होता. १८९२च्या एका भाषणात प्रॅटने आपले तत्त्व सांगितले: माणसातला ‘इंडियन’ मारायचा आणि माणूस वाचवायचा. हे वाक्य आज क्रूर वाटते, पण त्या काळात प्रॅट हा आदिवासींचा कैवारी समजला जाई. आदिवासींना संपवूनच टाकावे असे म्हणणाऱ्यांच्या तुलनेत तो सुधारक होता. या शाळांची खरी गुंतागुंत इथे आहे, कारण त्या द्वेषातून कमी आणि उद्धाराच्या खात्रीतून अधिक उभ्या राहिल्या.

या उद्धाराला सक्तीची जोड होती. मुलांना शाळेत हजर करण्यासाठी नियम करून ते अमलात आणण्याचा अधिकार अमेरिकी काँग्रेसने १८९१ साली प्रशासनाला दिला. १८९३ साली मुले न पाठवणाऱ्या कुटुंबांचे धान्य रोखण्याची मुभा दिली. जमिनी गेल्यामुळे त्या सरकारी शिध्यावरच अनेक घरांच्या चुली पेटत होत्या. ॲरिझोनातील होपी जमातीच्या १९ पुरुषांना १८९५ साली अल्काट्राझ बेटावर कैदेत ठेवले गेले. मुलांना शाळेत पाठवायला विरोध, हे त्यामागचे एक ठळक कारण होते. कार्लाइलची शाळा १९१८ साली बंद झाली, पण तोवर तिचा नमुना देशभर पसरला होता. अमेरिकेच्या गृहखात्याने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात १८१९ ते १९६९ या दीडशे वर्षांतल्या अशा ४१७ संस्थांची आणि किमान ९७३ मुलांच्या मृत्यूची नोंद आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी माफी मागितली.

कॅनडाची कथा समांतर आहे, फक्त तिथे चर्चचा हात अधिक ठळक होता. सरकारने पैसा द्यायचा आणि कॅथलिक, अँग्लिकन व इतर पंथांनी शाळा चालवायच्या, अशी ती व्यवस्था होती. सुमारे दीड लाख मुले तिच्यातून गेली. सरकारचेच वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी १९०७ साली पश्चिमेकडील शाळांची पाहणी केली. ज्या शाळांनी माहिती दिली, त्यांतली जवळपास एक चतुर्थांश मुले दगावली होती आणि क्षयरोग हे त्याचे मुख्य कारण होते. हा अहवाल बाजूला पडला. १९२० साली कायदा दुरुस्त करून शाळेची सक्ती आणखी आवळण्यात आली.

ती दुरुस्ती पुढे रेटणारा खात्याचा प्रमुख अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट हा कॅनडाचा नामांकित कवी होता. आदिवासी स्त्रीपुरुषांवर त्याने करुण सुरातल्या कविता लिहिल्या आणि पाठ्यपुस्तकांतून त्या पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या. कवितेत आदिवासी म्हणजे मावळत चाललेली सुंदर जमात. टेबलावरच्या फायलीत तेच आदिवासी म्हणजे लवकरात लवकर समाजात विरघळवून टाकायचा प्रश्न. या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे मला वाटत नाही. जे मावळणारच आहे त्याच्यावर शोकगीत लिहिता येते, आणि शोकगीत लिहून झाले की मावळतीला हातभार लावतानाही मन खात नाही. साहित्य माणसाला संवेदनशील करते, असे आपण सहज म्हणून जातो. स्कॉटचे उदाहरण त्या विधानापुढे ठेवून पाहावे.

३

शाळांनी स्वतःबद्दल जे ‘लिहिले’, ते मुख्यतः छायाचित्रांत. कार्लाइलमध्ये जॉन चोएट हा छायाचित्रकार मुलांची जोडचित्रे काढी: एक आल्या दिवसाचे, एक काही काळानंतरचे. टॉम टॉर्लिनो या नवाहो तरुणाची जोडी सर्वांत प्रसिद्ध आहे. १८८२च्या चित्रात लांब केस, कानांत दागिने आणि गळ्यात माळा आहेत. १८८५च्या चित्रात कोट, टाय आणि भांग पाडलेले आखूड केस आहेत. दुसऱ्या चित्रात चेहराही उजळ दिसतो, त्यात प्रकाशयोजनेचा वाटा असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. ही चित्रे देणगीदारांना आणि राजकारण्यांना दाखवली जात. कथनाच्या दृष्टीने पाहिले तर या जोडचित्रात ‘आधी’ आहे, ‘नंतर’ आहे; मधला काळ नाही. मधली तीन वर्षे त्या दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत गडप झाली आहेत. या शाळांमधून गेलेल्या लेखकांनी नेमकी ती कोरी पट्टी लिहायला घेतली.

ल्युथर स्टँडिंग बेअर हा कार्लाइलच्या पहिल्या तुकडीतला लाकोटा मुलगा. आपण पूर्वेकडे मरायलाच चाललो आहोत आणि शौर्याने मरून वडिलांचे नाव राखायचे आहे, अशी त्याची समजूत होती. १९२८ साली आलेल्या ‘माय पीपल द सू’ या पुस्तकात त्याने नाव मिळण्याचा प्रसंग सांगितला आहे. फळ्यावर काही अक्षरे लिहिलेली होती. ती गोऱ्यांची नावे आहेत हे मुलांना माहीत नव्हते. हातात दर्शककाठी देऊन एकेकाला पुढे बोलावले गेले. त्याने काठी टेकवली त्या जागी ‘ल्युथर’ होते, आणि त्याचे स्वतःचे नाव, ओटा क्टे, मागे राहिले. लेखक हे चढ्या आवाजात सांगत नाही. वर्गातल्या गोंधळाचे बारीक तपशील देत थोड्या मिश्किलपणेच सांगतो. मुलाला निवड करायला लावली आहे, पण आपण काय निवडतो आहोत हे त्याला कळण्याची सोय ठेवलेली नाही. साऱ्या शिक्षणपद्धतीवरचे भाष्य एवढ्या एका कृतीत येते, आणि लेखकाला ते भाष्य म्हणून मांडावे लागत नाही.

४

या लेखनातली सर्वांत धारदार लेखिका मात्र झिटकाला-शा. १८७६ साली यांक्टन वसाहतीत जन्मलेल्या या मुलीचे कागदोपत्री नाव गर्ट्रूड सिमन्स. वयाच्या आठव्या वर्षी, १८८४ साली, ती इंडियाना राज्यातील वॉबॅश येथील क्वेकरांच्या शाळेत गेली. पुढे काही काळ ती कार्लाइलमध्ये शिक्षिका होती. १९०० साली ‘अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकात तिचे तीन आत्मपर लेख लागोपाठ आले. पुढे १९२१ साली ते ‘अमेरिकन इंडियन स्टोरीज’ या पुस्तकात समाविष्ट झाले. लाकोटा भाषेत ‘लाल पक्षी’ असा अर्थ असलेले हे नाव तिने स्वतः घेतले. ल्युथरचे नाव काठीने ठरवले. हिने आपले नाव लेखणीने ठरवले.

तिच्या कथनातली पहिली अडचण अशी, की ती स्वतः हट्ट करून शाळेत गेली. मिशनऱ्यांनी पूर्वेकडच्या लालभडक सफरचंदांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आईचे मन तयार नव्हते, मुलीने हट्ट धरला. जबानी देणाऱ्याने हा तपशील गाळला असता, कारण तो खटला कमजोर करतो. झिटकाला-शा तो गाळत नाही. सक्ती फक्त शिपायाच्या रूपात येते असे नाही, ती सफरचंदाच्या रूपातही येते, हे तिला सांगायचे आहे. बायबलमधल्या पहिल्या बागेतले फळ ख्रिस्ती वाचकाला आठवल्याशिवाय राहत नाही. इथे मात्र फळ दाखवणारा साप नसून धर्मोपदेशक आहे. वाचकाचीच कथा तिने अशी उलटी करून त्याच्या हातात दिली आहे.

केस कापण्याचा प्रसंग सर्वांत अधिक उल्लेखिला जातो. तिच्या लोकांत आखूड केस शोक करणाऱ्यांचे असतात आणि मुंडके भादरले जाते ते भ्याडाचे. ती पलंगाखाली लपते, तिला ओढून बाहेर काढतात, खुर्चीला बांधतात आणि वेण्या कापतात. ज्या भाषेत ‘केशवपन’ हा शब्द आहे, त्या भाषेच्या वाचकाला केस कापणे ही केवळ स्वच्छतेची बाब नसते हे समजावून सांगायला नको. लेखिकेची जात मात्र मला इतर दोन लहान प्रसंगांत अधिक दिसते.

पहिला बर्फातला. बर्फात लोळायचे नाही, असा हुकूम असतो. तीन मुली तो विसरतात आणि बोलावणे येते. थोडे इंग्रजी समजणारी एक मैत्रीण सल्ला देते, की बाई काहीही बोलल्या तरी ‘नो’ म्हणायचे. एक मुलगी तसे करते. बाई विचारतात, यापुढे माझे ऐकशील ना? ती म्हणते, नो. मार बसतो. पुन्हा बर्फात पडशील का? नो. आता सुटका होते. तोच शब्द, तोच उच्चार. एकदा मार आणि एकदा माफी. हा प्रसंग विनोदी आहे आणि भयानकही आहे. त्या मुलीच्या तोंडी भाषा नाही, फक्त एक आवाज आहे, आणि त्याचा अर्थ काय ते समोरचा माणूस ठरवतो.

दुसरा स्वयंपाकघरातला. शिक्षा म्हणून तिला सलगम कुटायला बसवतात. ती सलगम तिला मुळीच आवडत नाहीत. ती हुकूम पाळते, पण इतक्या त्वेषाने पाळते की बरणीचा तळच निघून जातो. बरणी उचलताच सगळा लगदा जमिनीवर पडतो आणि त्या दिवशी सलगम पानात येत नाहीत. तिने आज्ञा मोडली असे कोणाला म्हणता येणार नाही. जे करायला सांगितले तेच तिने केले, फक्त अगदी शेवटपर्यंत केले.

माझ्या मते तिच्या साऱ्या लेखनाची किल्ली या बरणीत आहे. इंग्रजी शीक, असा हुकूम होता. ती इंग्रजी शिकली आणि इतकी शिकली, की बॉस्टनहून निघणाऱ्या मासिकाच्या सुसंस्कृत वाचकाला त्याच्याच शैलीत, त्याच्याच धर्मग्रंथातील प्रतिमा वापरून तिने विचारले की तुमच्या संस्कृतीच्या पोटात काय आहे. ‘शाळा नसती तर हे पुस्तक कुठून आले असते’ या युक्तिवादाला तिचे उत्तर इथेच आहे. हातात दांडा शाळेने दिला हे खरे. पण तळ फोडण्याचा त्वेष शाळेने दिलेला नव्हता. तो घरून आला होता. हे लेख प्रसिद्ध झाल्यावर कार्लाइलच्या मुखपत्रातून तिच्यावर टीका झाली आणि कृतघ्नतेचा सूर लावला गेला. शिकलेल्या माणसाने आभारीच असले पाहिजे, ही अपेक्षाही शिक्षणाच्या अटींत लिहिलेली असते.

तिच्या लेखनात उणिवा नाहीत असे नाही. पहिल्या लेखातले बालपण फार गुळगुळीत झाले आहे. नदी, तंबू, आईची माया यांत कुठे काटा म्हणून नाही. शाळेचा अंधार गडद दिसावा म्हणून आधीचा उजेड वाढवला आहे, अशी शंका येते. तिसऱ्या लेखात प्रसंग मागे पडून वक्तृत्व पुढे येते. पण बाल्याचे ते नंदनवन मला एका वेगळ्या कारणाने क्षम्य वाटते. चोएटच्या ‘आधी’च्या चित्रात जे रानटीपण वाचायला शाळेने सांगितले, त्याच जागी तिने घर ठेवले आहे. अतिशयोक्तीला अतिशयोक्तीने दिलेले ते उत्तर आहे.

५

त्याच १९०० साली आणखी एक पुस्तक आले आणि ते अगदी वेगळ्या सुरात बोलते. फ्रान्सिस ला फ्लेश या ओमाहा लेखकाचे ‘द मिडल फाइव्ह’. नेब्रास्कातल्या प्रेस्बिटेरियन मिशन शाळेतल्या पाच मित्रांची ही गोष्ट आहे. त्यांच्या खोड्या आहेत, रात्रीच्या गुजगोष्टी आहेत, चोरून बोललेली ओमाहा भाषा आहे, आणि शेवटी ब्रश नावाच्या जिवलग मित्राचा मृत्यू आहे. आपण शाळेच्या गणवेशातली मुले मुद्दाम निवडली, असे लेखक प्रस्तावनेत सांगतो. पिसे आणि रंग पाहिले की वाचकाला आतले मूल दिसत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

या पुस्तकाला काही जण शाळेबद्दल मवाळ समजतात. पण त्यातला पाहुण्यांचा प्रसंग पाहा. शाळा पाहायला आलेली मंडळी मुलांना विचारतात, तुमचे स्वतःचे काही संगीत आहे का? मुले आपले विजयगीत मोकळ्या गळ्याने म्हणतात. पाहुण्याला ते रानटी वाटते आणि या मुलांना संगीत शिकवले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष निघतो. ला फ्लेश त्यावर एका शब्दाचेही भाष्य करत नाही. त्याने भाष्य केले ते आयुष्याने. ॲलिस फ्लेचर या अभ्यासिकेबरोबर काम करून त्याने ओमाहा गीते नोंदवली, आणि १९११ साली दोघांच्या नावाने ओमाहा जमातीवरचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हसण्याचा प्रश्न इथेच निघतो. कॅनडातील अनिशिनाबे लेखक बॅसिल जॉन्स्टन यांचे ‘इंडियन स्कूल डेज’ (१९८८) हे ऑन्टारिओतील स्पॅनिश गावच्या जेझुइट शाळेवरचे पुस्तक तर बरेचसे विनोदी आहे. भुकेली पोरे ब्रदरांना कसे चकवतात, याच्या गमती त्यात आहेत. ‘बघा, इतके काही वाईट नव्हते’ असे म्हणणाऱ्यांना असे पुस्तक सोयीचे वाटते. पण जवळपास दोन दशकांनंतर, निवासी शाळांवरच्या एका समीक्षाग्रंथाच्या प्रास्ताविकात, त्या शाळेत आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले होते हे जॉन्स्टन यांनी लिहिले. विनोदी पुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता. म्हणून ते पुस्तक खोटे ठरत नाही. पोरांचे हसणे खरे होते, कारण त्या जागी त्यांच्या मालकीचे तेवढेच होते. समीक्षकाने यातून घ्यायचा धडा असा, की दुःखाची नोंद नसणे म्हणजे दुःख नसणे नव्हे, आणि लेखकाने काय सांगावे याची यादी वाचकाने करू नये.

कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने सहा हजारांहून अधिक साक्षी ऐकल्या. २०१५च्या अहवालात या व्यवस्थेला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले आणि ९४ शिफारशी केल्या. हे काम अत्यंत मोलाचे आहे. मात्र आयोगापुढची साक्ष आणि आत्मकथन यांची कामे वेगळी आहेत. साक्षीला प्रश्न विचारलेला असतो, तर आत्मकथन स्वतःचा प्रश्न स्वतः निवडते. सफरचंदाचा हट्ट, बर्फातला ‘नो’, फुटलेली बरणी, विजयगीत या गोष्टी कुठल्याही प्रश्नावलीत बसल्या नसत्या.

६

हे सगळे मराठीत मांडताना एक शब्द सतत अडवतो. या शाळांना मराठीत काय म्हणायचे? ‘वसतिगृह’ फार निरुपद्रवी आहे, ‘निवासी शाळा’ महागड्या जाहिरातीची आठवण करून देते. मुद्दाम आदिवासी मुलांसाठी असलेल्या, घरापासून दूर ठेवणाऱ्या शाळेला महाराष्ट्रात रूढ शब्द आहे तो ‘आश्रमशाळा’. तो मी या लेखात वापरलेला नाही, कारण दोन्ही व्यवस्था एका मापाने मोजणे चूक ठरेल. आपल्याकडे पालकांचे धान्य तोडून, त्यांना तुरुंगात टाकून मुले नेली जात नाहीत. अनेक आईबाप मोठ्या आशेने मुलांना स्वतःच तिथे पोचवतात, आणि ती आशा फुल्यांच्या शाळेपासून चालत आलेली आहे.

पण शब्द टाळला म्हणून प्रश्न टळत नाही. गोंडी, कोरकू, भिली, वारली बोलणारे मूल पहिलीत बसते, तेव्हा फळ्यावरची अक्षरे मराठी असतात. मराठी ही इंग्रजी आणि हिंदीपुढे दबलेली भाषा, अशी आपली स्वतःविषयीची प्रतिमा आहे आणि ती निराधार नाही. त्या वर्गात मात्र काठी मराठीच्या हातात असते. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा, कोरकू मुंडा कुळातली. दोन्ही मराठीपासून पूर्णतः वेगळ्या. तरीही त्यांना ‘बोली’ म्हणून मराठीच्या ओसरीवर बसवण्याची आपली सवय जात नाही. हा द्वेष नव्हे. प्रॅटच्या मनातही द्वेष नव्हता, त्याला खात्री होती.

झिटकाला-शा आणि ला फ्लेश मराठीत यायला हवेत असे मला वाटते, ते दूरदेशीच्या दुःखाची भर घालण्यासाठी नव्हे. आपल्या साहित्याला शाळेच्या दाराबाहेर उभे राहिलेले मूल ओळखता येते, ही मराठीची मोठी कमाई आहे. वर्गाच्या आत बसलेले, एकाच शब्दावर भागवणारे मूल ओळखायला आपण अजून शिकायचे आहे. त्या मुलांपैकी कोणी उद्या आपली आठवण लिहील, तेव्हा ती बहुधा मराठीतच लिहील. त्या लेखनाकडून आभाराची अपेक्षा न ठेवता ते वाचण्याची तयारी आपल्याला आजपासूनच करावी लागेल.